लसूण-बटर कोळंबी झटपट कशी करावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोळंबी, लसूण आणि बटर या तिघांना आच वेगवेगळी लागते आणि वेळही वेगळा लागतो. खालच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं फिरून तिथेच येतात.

खरंच वीस मिनिटांत जेवण तयार होतं का?

सोललेली, साफ केलेली कोळंबी हाताशी असेल तर होतं. गॅसवरचं काम जेमतेम सात-आठ मिनिटांचं आहे. बाकीचा वेळ लसूण सोलण्यात, चिरण्यात आणि कोळंबी कोरडी करण्यात जातो. कवचासकट कोळंबी आणली असेल तर सोलायला आणि पाठीतला दोरा काढायला आणखी वीस-पंचवीस मिनिटं धरा. हात बसलेला नसेल तर त्याहून जास्त. भात किंवा पास्ता करणार असाल तर तो आधी चढवा, कारण कोळंबी तयार झाल्यावर थांबत नाही.

तिघांसाठी किती साहित्य लागतं?

सोललेली कोळंबी ५०० ग्रॅम, बटर ६० ग्रॅम, तेल एक मोठा चमचा, लसणाच्या सात-आठ पाकळ्या, अर्धं लिंबू, मीठ, मिरपूड, हवी असेल तर सुक्या लाल मिरचीची भरड, आणि वरून मूठभर बारीक चिरलेली पार्सली किंवा कोथिंबीर. डोक्या-कवचासकट कोळंबी घेणार असाल तर साधारण दुप्पट वजनाची घ्या, कारण निम्म्याच्या आसपास वजन सोलण्यात जातं. लसूण कमी-जास्त चालतो. बटर मात्र फार कमी केलं तर रस होत नाही, नुसती परतलेली कोळंबी होते. तीही चांगलीच लागते, पण तो वेगळा पदार्थ झाला.

क्रम नेमका कसा ठेवायचा?

सगळं आधी चिरून, मोजून गॅसजवळ ठेवा. एकदा पॅन तापला की लिंबू कापायला वेळ मिळत नाही.

कोळंबी स्वच्छ कापडाने किंवा कागदी रुमालाने टिपून अगदी कोरडी करा. मग मीठ आणि मिरपूड लावा. रुंद पॅन मोठ्या आचेवर चांगला तापू द्या, तेल घाला, आणि कोळंबी एकेक करून एका थरात मांडा. पहिली बाजू दीड मिनिटभर अजिबात हलवू नका. मधे मधे कालथा फिरवत राहण्याचा मोह फार होतो, पण त्याने रंग धरत नाही. कडा गुलाबी आणि अपारदर्शक दिसू लागल्या की उलटा, आणखी अर्धं ते एक मिनिट ठेवा आणि ताटलीत काढून घ्या. मध्यभागी किंचित कच्ची वाटली तरी चालेल.

आता आच मंद करा. पॅन फारच तापलेला असेल तर अर्धं मिनिट गॅसवरून उचलून धरा. निम्मं बटर घाला, ते वितळलं की लसूण आणि मिरचीची भरड घाला. अर्ध्या-एक मिनिटात घमघमाट सुटतो आणि लसणाच्या कडा जेमतेम पिवळसर होतात. लगेच दोन-तीन मोठे चमचे पाणी घाला आणि पॅनच्या तळाला चिकटलेलं सगळं खरवडून घ्या. चव तिथेच असते. पाणी निम्मं आटलं की ताटलीतली कोळंबी तिच्या सुटलेल्या रसासकट परत घाला, अर्धं मिनिट हलवा आणि गॅस बंद करा. उरलेलं थंड बटर तुकडे करून घाला, पॅन गोल गोल फिरवत ते मिसळा. शेवटी लिंबू पिळा आणि कोथिंबीर टाका.

कोळंबी बाहेर काढून परत का घालायची? सगळं एकदम केलं तर?

एकदम केलं तर कोणाचं तरी नुकसान ठरलेलं. कोळंबीला रंग यायला मोठी आच हवी. त्या आचेवर बारीक चिरलेला लसूण काही सेकंदांत करपतो आणि बटरही काळवंडतं. लसणाला सोसेल अशी मंद आच ठेवली तर कोळंबी आपल्याच पाण्यात उकडत बसते. एक ताटली जास्त घासावी लागते, एवढाच काय तो खर्च. झटपट म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बऱ्याच कृती ही पायरी गाळतात; मला ती गाळणं पटत नाही.

कोळंबी शिजली हे कसं ओळखायचं?

कच्ची कोळंबी करडी आणि काचेसारखी अर्धपारदर्शक असते. तिच्यात ॲस्टाझँथिन नावाचं लालसर रंगद्रव्य आधीपासूनच असतं, पण ते एका प्रथिनाला जखडलेलं असल्यामुळे दिसत नाही. उष्णतेने ते प्रथिन उलगडतं आणि रंग मोकळा होतो. म्हणून कोळंबी शिजताना गुलाबी-केशरी होते.

नुसत्या बाहेरच्या रंगावर मात्र विसंबू नका, बाहेरून गुलाबी असूनही आत कच्ची राहू शकते. सर्वात जाड भाग, म्हणजे डोक्याकडचं टोक बघा. दोरा काढताना पाठीवर दिलेल्या चिरेत मांस पांढरं आणि अपारदर्शक दिसलं की झालं. आकारही सांगतो: सैल अर्धवर्तुळ असेल तर ठीक, शेपूट डोक्याकडच्या टोकाला जाऊन भिडली तर जास्त शिजली. हा ढोबळ अंदाज आहे, कारण पाठीवर खोल चीर दिली असेल तर कोळंबी लवकर वळते. थर्मामीटर असेल तर अन्नसुरक्षेसाठी ६३ अंश सेल्सिअस सांगितलं जातं. घरात गरोदर बाई, लहान मूल, वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी असेल तर कच्चट ठेवण्याच्या फंदात पडू नका.

माझी कोळंबी नेहमी वातड होते. का?

जास्त शिजते म्हणून. दुसरं कारण क्वचितच असतं. स्नायूतली प्रथिनं आकसत जातात आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात. मधल्या आकाराच्या कोळंबीत ‘मऊ’ आणि ‘वातड’ यांत मिनिटाभराचंच अंतर असतं. त्यात पॅनमधून काढल्यावरही आतल्या उष्णतेने ती थोडी शिजतच राहते. म्हणूनच पहिल्या वेळी ती किंचित आधी काढायची. कोळंबी मटणासारखी जास्त शिजवून पुन्हा मऊ होत नाही, तेव्हा ‘अजून पाच मिनिटं ठेवून बघू’ हा इलाज इथे चालत नाही.

उलट तक्रारही येते: कोळंबी पिठूळ, भुसभुशीत लागते. त्यात तुमच्या हाताचा दोष सहसा नसतो. कोळंबी पकडल्यानंतर बर्फात उशिरा गेली, किंवा डोक्यासकट फार वेळ राहिली की डोक्यातली पाचक द्रव्यं मांस मऊ पाडू लागतात. पुन्हा पुन्हा वितळून गोठवलेल्या मालाचंही तेच होतं.

पॅनमध्ये इतकं पाणी का सुटतं?

तीन शक्यता आहेत. कोळंबी ओली होती. पॅनमध्ये दाटी झाली. किंवा कोळंबीने विकत घेण्याआधीच पाणी प्यायलेलं होतं.

पहिल्या दोन्हींचा उपाय सोपा. टिपून घ्या, आणि ५०० ग्रॅमसाठी २८ ते ३० सेंटीमीटरचा पॅन वापरा. लहान पॅन असेल तर दोन खेपा करा. दाटी झाली की तापमान पडतं आणि वाफ कोंडते. तिसऱ्यासाठी पाकिटावरची घटकांची यादी वाचा. सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट किंवा नुसतंच फॉस्फेट लिहिलेलं असेल तर ते कोळंबीत पाणी धरून ठेवण्यासाठी असतं. ते पाणी तुम्ही कोळंबीच्या भावाने विकत घेता आणि तव्यावर सोडून देता. शक्य तेव्हा यादीत फक्त कोळंबी, फार तर मीठ असलेलं पाकीट निवडा.

पाणी सुटलंच तर कोळंबी लगेच बाहेर काढा, पाणी एकटं आटवा. कोळंबीसकट आटवायला गेलात तर वरचा वातडपणाचा प्रश्न पुन्हा वाचावा लागेल.

ताजी घ्यावी की फ्रोझन?

त्याच दिवशी पकडलेली, खात्रीची ताजी मिळत असेल तर ताजी. नाहीतर फ्रोझन बिनधास्त घ्या. ‘ताजी’ म्हणून बर्फावर मांडलेली कोळंबी बरेचदा आधी गोठवलेली आणि दुकानात वितळवलेली असते. मग ती आपल्याच फ्रीजमध्ये वितळवलेली काय वाईट? फक्त कच्ची फ्रोझन घ्या. आधीच शिजवलेली गुलाबी फ्रोझन कोळंबी या पदार्थाला बरी नव्हे. तीच हाती असेल तर लसूण-बटरचा रस पूर्ण तयार करा आणि शेवटी कोळंबी त्यात मिनिटभर नुसती गरम करा.

पाकीट घेताना आत बर्फाचा चुरा किंवा गोठलेले गठ्ठे नाहीत ना ते बघा. असतील तर माल मधे वितळून पुन्हा गोठलेला असू शकतो. सुट्या गोठवलेल्या कोळंबीवर संरक्षणासाठी बर्फाचा पातळ थर देतात, म्हणून बर्फाशिवायचं निव्वळ वजन वाचायचं.

ताजीची परीक्षा नाकाने होते. समुद्राचा हलका वास ठीक आहे. अमोनियासारखा झोंबणारा किंवा आंबूस वास आला, हाताला बुळबुळीत लागली, कवच सैल सुटत असेल, तर घेऊ नका. लसूण कितीही घातला तरी तो वास झाकला जात नाही, आणि झाकला गेला तर ते जास्तच वाईट.

फ्रोझन कोळंबी पटकन कशी वितळवायची?

उत्तम म्हणजे रात्रभर फ्रीजमध्ये, चाळणीत ठेवून, खाली भांडं. आठवण उशिरा झाली तर पिशवीत घट्ट बंद करून गार पाण्यात बुडवा. अर्ध्या तासाच्या आसपास काम होतं. गरम पाणी नको, त्याने बाहेरचा थर शिजू लागतो आणि आत बर्फ तसाच राहतो. ओट्यावर तासन् तास ठेवणंही नको. वितळल्यावर नीट टिपून घ्या, फ्रोझन कोळंबीला कोरडं करण्याची गरज ताजीपेक्षाही जास्त असते.

पाकिटावरच्या ३१/४० चा अर्थ काय?

एका पाउंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, ३१ ते ४० नग. आकडा जितका लहान, कोळंबी तितकी मोठी. काही ठिकाणी हा हिशोब किलोवर लिहितात, तेव्हा पाउंड की किलो ते तपासा. या पदार्थासाठी पाउंडाला २१/२५ किंवा २६/३० हा आकार मला सर्वात सोयीचा वाटतो: रंग येईपर्यंत आत जास्त शिजत नाही. ३१/४० च्या कोळंबीला प्रत्येक बाजूला साधारण मिनिटभर पुरतं. १६/२० म्हणजे एकेक नग २३ ते २८ ग्रॅमचा, त्याला दोन्ही बाजू मिळून तीन-साडेतीन मिनिटं लागतील. अगदी बारीक कोळंबी यात हरवून जाते.

पाठीतला काळा दोरा काढायलाच हवा का?

तो कोळंबीचं आतडं आहे. शिजवल्यावर पोटात गेला तर अपाय होत नाही, पण मोठ्या कोळंबीत तो दाताखाली कचकचतो आणि थोडी कडवट चव देतो. म्हणून मोठ्या कोळंबीतून काढाच. पाठीवर उथळ चीर द्या आणि सुरीच्या टोकाने उचला. लहान कोळंबीत, आणि दोरा रिकामा असून दिसतही नसेल तेव्हा, सोडून दिलं तरी चालतं. पोटाच्या बाजूने जाणारा पांढरट धागा हा मज्जातंतूंचा दोर आहे, त्याच्या नादी लागू नका.

डोक्यावर आणि कवचावर काळे डाग आहेत. खराब झाली का?

लगेच नाही. चिरलेलं सफरचंद ज्या प्रकारच्या विकरामुळे (एन्झाइममुळे) तांबूस पडतं, तशाच विकराने कवचाखाली काळे डाग येतात. तो जंतूंचा परिणाम नव्हे, पण कोळंबी पकडून वेळ झालाय हे कळतं. वास आणि स्पर्श चांगला असेल तर वापरता येते. हे डाग टाळण्यासाठी कोळंबीवर सल्फाइट वापरतात. दमा असलेल्या काहींना सल्फाइटचा त्रास होतो, त्यांनी पाकीट वाचून घ्यावं.

कवचासकट केली तर चव वाढते का?

वाढते, आणि कवच मांसाला थेट आचेपासून वाचवतं. पण मग जेवताना बोटं बटरमध्ये बुडतात. आवडत असेल तर जरूर करा. नसेल तर मधला मार्ग आहे: सोललेली कवचं आणि डोकी थोड्या तेलात लालसर होईपर्यंत परता, बुडतील एवढं पाणी घालून दहा मिनिटं उकळा, गाळा. क्रमात जिथे दोन-तीन चमचे पाणी घातलं तिथे हे पाणी घाला. सगळ्या प्रश्नोत्तरांतून एकच सूचना पाळायची असेल तर मी ही निवडेन.

लसूण ठेचावा, किसावा की चिरावा?

लसणाची पेशी फुटली की आतलं ॲलिन आणि ॲलिनेज हे विकर एकत्र येतात आणि तिखट ॲलिसिन तयार होतं. जितका बारीक कराल तितकी चव झणझणीत, आणि तितकाच तो लवकर करपतो. किसलेला लसूण पॅनला चिकटून कडू होतो. पातळ काप सौम्य, गोडसर लागतात आणि थोडा दम धरतात. या पदार्थासाठी सुरीने एकसारखा बारीक चिरलेला बरा. ठेचलेल्यात लहान-मोठे तुकडे राहतात आणि लहान तुकडे आधी जळतात. मला दोन्ही आवडतं म्हणून मी बराचसा लसूण क्रमाप्रमाणे शिजवते आणि एक पाकळी किसून शेवटच्या थंड बटरबरोबर घालते. तिचा कच्चा तिखटपणा गरम रसात अर्धवट उतरतो.

लसूण तपकिरी झालाच तर बटरसकट टाकून द्या, पॅन पुसा आणि पुन्हा करा. कडवटपणा लिंबाने किंवा साखरेने जात नाही.

लिंबू घातल्यावर लसूण हिरवा-निळा झाला!

घाबरू नका. लसणातली गंधकयुक्त संयुगं अमिनो आम्लांशी संयोग पावून असा रंग तयार करतात, आणि आंबटपणाने त्याला चालना मिळते. खायला निर्धोक आहे.

बटरऐवजी तूप चालेल का? आणि बटरमध्ये तेल घातलं की ते करपत नाही ना?

आधी दुसरं. बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश, १६ टक्क्यांपर्यंत पाणी आणि थोडे दुधाचे घनपदार्थ असतात. करपतात ते हे घनपदार्थ. सोबत तेल असलं तरी ते करपायचे ते करपतातच. म्हणून तेलावर कोळंबी, आणि बटर नंतर मंद आचेवर.

तुपात घनपदार्थ नसतात, त्यामुळे कोळंबी परतायला ते तेलापेक्षाही छान. पण रस धरायला बटरच लागतं, कारण त्यातलं पाणी आणि घनपदार्थ मिळूनच रस दाट, दुधाळ होतो. खारं बटर असेल तर कोळंबीला मीठ निम्मंच लावा आणि शेवटी चाखून बघा.

रस फुटला, वर नुसतं तूप तरंगतंय. काय करू?

आच जास्त झाली किंवा पाणी सगळं आटून गेलं. गॅस बंद करून एक-दोन चमचे पाणी घाला आणि पॅन जोरात फिरवा, बहुतेक वेळा रस पुन्हा जुळून येतो. पास्ता करत असाल तर त्याचं पिठाळ पाणी याला सर्वात उत्तम.

कोळंबी लिंबात आधी मुरवून ठेवू का?

नको. आम्लाने बाहेरची प्रथिनं घट्ट होऊ लागतात आणि पॅनमध्ये जाण्याआधीच कोळंबी पांढरट, कोरडी पडते. लिंबू शेवटी, गॅस बंद केल्यावर. सालीचा पिवळा भाग किसून घातला तर आंबटपणा न वाढता सुगंध मिळतो.

मुरवायचंच असेल तर मिठात मुरवा. ५०० ग्रॅमला अर्धा छोटा चमचा मीठ आणि पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा चोळून पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. सोड्याने कोळंबीचा आम्लपणा घटतो, ती रसदार आणि करकरीत राहते, रंगही लवकर धरते. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते, तेव्हा मोजूनच. फॉस्फेट लावलेल्या कोळंबीला हे करू नका.

वाईन घालणं गरजेचं आहे का?

नाही. पाण्याच्या जागी कोरडी, म्हणजे गोड नसलेली, पांढरी वाईन घालून निम्मी आटवतात, त्याने सुगंध आणि आंबटपणा येतो. कवचांचं पाणी आणि लिंबू असेल तर उणीव जाणवत नाही.

सोबत काय?

रस शोषून घेईल असं काहीही. भाजलेला पाव, भात, पास्ता. बाजूला काहीतरी हिरवं, फार मसाल्याशिवाय वाफवलेलं किंवा परतलेलं.

कोळंबीत कोलेस्टेरॉल खूप असतं म्हणतात.

असतं: शिजवलेल्या १०० ग्रॅममध्ये दीडशे ते दोनशे मिलिग्रॅमच्या घरात. पण संपृक्त चरबी नगण्य आणि प्रथिनं वीस ग्रॅमहून अधिक. या ताटात मोजायचं असेल तर बटर मोजा. त्याचा निम्म्याच्या आसपास भाग संपृक्त चरबी असते, म्हणजे ६० ग्रॅम तिघांत वाटलं तर प्रत्येकाला साधारण दहा ग्रॅम. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं असेल तर ते पाळा.

ॲलर्जी असलेल्याला फक्त रस वाढला तर चालेल का?

अजिबात नाही. कोळंबीची ॲलर्जी मुख्यतः ट्रोपोमायोसिन या प्रथिनामुळे होते आणि ते शिजवल्याने नष्ट होत नाही. रसात ते उतरलेलंच असतं. तोच पॅन, तोच चमचा नको. तीव्र ॲलर्जी असलेल्याला शिजतानाच्या वाफेनेही त्रास होऊ शकतो, तेव्हा त्या व्यक्तीला स्वयंपाकघराबाहेर ठेवा किंवा त्या दिवशी बेतच बदला.

उरली तर किती दिवस टिकते?

दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेली तर तीन-चार दिवस. कच्ची कोळंबी फ्रीजमध्ये एक-दोन दिवसच. गरम करताना चमचाभर पाणी घालून मंद आचेवर, झाकण ठेवून, जेमतेम गरम करा. खरं तर गारच बारीक कापून सॅलडमध्ये घातलेली जास्त चांगली लागते.

लसूण-बटर आधी करून ठेवता येईल का?

येईल. मऊ बटरमध्ये चिरलेला लसूण, कोथिंबीर, मीठ कालवून, कागदात गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवा आणि लागेल तसं कापून घ्या. बाहेर मात्र ठेवू नका. तेलात किंवा बटरमध्ये बुडालेल्या कच्च्या लसणाला हवा मिळत नाही, आणि अशा ठिकाणी सामान्य तापमानाला बोट्युलिझमचे जंतू विष तयार करू शकतात. त्या विषाला वास किंवा वेगळी चव नसते. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, त्यापुढे फ्रीजर.